आग्या वेताळाचं तोंड

आठ दिवस आग्या वेताळ आमच्या अंगनात पालथ्या टोपल्यावर बसून होता नि त्याला तोंड नव्हतं.

म्हनजे नाक होतं, कान होते, डोळ्यांची भोकं होती. गालाची हाडं मी नीट वर उचललेली. कागदाचा लगदा वाळून असा कडक झालेला का टिचकी मारली तर सुक्या भोपळ्यासारखा वाजायचा. वरनं खडूचा पांढरा हात दिलेला. फक्त रंगानं तोंड काढायचं बाकी. आनि तेच सुचत नव्हतं. ब्रश उचलायची, समोर धरायची, परत डब्यात टाकायची. आयस येता-जाता बघायची, त्यानं तर जास्त डोकं फिरायचं.

माझं नाव रुपा. नववीतनं शाळा सोडली. सोडली म्हनजे, सरांनी माझी वही फेकली, मी त्यांचा डस्टर फेकला, मंग दोघांनी बी एकमेकांना सोडलं. पन डोळा माझा तेज हाय. शेणव्याच्या नाक्यावरनं गेलेल्या जीपचा नंबर मना दोन दिवसांनी विचारा, सांगते. लग्नात मेंदी काढायला खालच्या गावातनं मना बोलावनं येतं. एकदा बघितलेली नक्षी मी परत बघायला मागत नाय.

आमची वाडी शेणव्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. आखातीजेला आमच्याकडं बोहाडा असतो. देव नि राक्षस मुखवटे घालून नाचतात, संबळ वाजतो, पिपानी वाजते. मुखवट्याला आमी सोंग बोलतो. एकेक सोंग एकेका घराचं, तो त्या घराचा मान. आग्या वेताळ आमचा. दोन हातात दोन पेटते टेंभे घेऊन तो नाचतो. आधी माझा आजा नाचायचा, आता बापूस.

आनि ते सोंग मी कुजवलं.

ठेवायची आमची रीत अशी हाय. बोहाडा संपला का सोंगातला देव उतरवायचा, मंग तो नुस्ता कागद. तो चुलीच्या वर आढ्याला टांगायचा, तोंड भिंतीकडं, वेताळाची नजर अन्नावर पडू नये म्हनून. वर्सभर तो तिथं धूर खातो. गेल्या पावसाच्या आधी मी घर सारवायला काढलं. ते काळं, जळमटं लागलेलं गाठोडं मना बघवंना. मी उतरवलं. पाठीकडनंच धरलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं, वरनं खताची प्लास्टिकची पिशवी, गच्च बांधली नि पेटीवर ठेवली. मना वाटलं काय शानी हाय मी. तो धूरच त्याला किड्यापासनं, ओलीपासनं राखत होता, हे डोक्यात आलंच नाय. होळी झाल्यावर पिशवी सोडली तर आत लगद्याचा परत लगदा. बुरशी, घान वास, नि हात लावीन तिथं तुकडा.

माझा बापूस, जगन, भिवंडीला गोडाऊनमधी माल चढवतो. शनवारी येतो, सोमवारी सकाळी जातो. त्यानं पिशवीत हात घातला, एक तुकडा बोटात चुरला, नि हात धुवायला गेला. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

कारन मना ठाव हाय. वर्सभर त्याला कोनी बी 'ए' बोलतं. 'ए, हट.' 'ए, उचल.' त्याच्यापेक्षा ल्हान पोरं बोलतात. वर्साची ती एकच रात असते का सगळी वाडी त्याला हात जोडते, म्हाताऱ्या बाया पाया पडतात, पोरं त्याला बघून पळतात. दुसऱ्या दिवशी तो दुपारपर्यंत झोपतो, नि उठतो तेव्हा वेगळा असतो. हसतो बिसतो. भिवंडीला जायला निघतो तवा परत तसाच.

देवळात बैठक बसली. शाम बोलला, तो खालच्या पाड्याचा, जीपवाला. "आमी नाशकावरनं फायबरचं सोंग आनलंय. पान्यात टाका, आगीत टाका, काय होत नाय. यंदा वेताळ आमी काढतो. जगनभाऊनं बी आराम करावा."

सगळे बुधूआज्याकडं बघायला लागले. बोहाड्यात त्याचा शब्द शेवटचा. त्यानं तंबाखू चोळली, झाडली, तोंडात टाकली.

"मान घराचा हाय," तो बोलला. "पन सोंग नाय तर मान कशाचा? आखातीजेच्या आधल्या सोमवारी जगन्यानं वेताळ इथं आनून दाखवावा. जसा होता तसा. नाय दाखवला तर यंदापासनं वेताळ शामच्या घराचा."

बापूस खाली बघत होता. मना ते बघवंना.

"आमचा वेताळ आमी करू," मी बोलली.

"कोन, तू?" शाम बोलला. "मेंदी काढशील काय त्याला?"

सगळी हसली.

"तुमच्या प्लास्टिकला लिपस्टिक बी लावून देते," मी बोलली. बापसानं माझा हात धरून मना खाली बसवलं.

असं ते माझ्या गळ्यात पडलं. म्हनजे मीच पाडून घेतलं.

लगद्याचं काय अवघड नाय. आयस तसल्या टोपल्या करते. जुने पेपर भिजवले, कुटले, मेथीचं पीठ घातलं, डिंक घातला, मातीच्या साच्यावर थापलं. चैताच्या उन्हात चार दिवसात कडक. तवर मी खुशीत होती. मंग बुधूआज्याचा शब्द आठवला. जसा होता तसा.

कसा होता?

मी डोळे मिटले नि आठवायला बसली. टेंभे आठवले. ठिनग्या आठवल्या. रॉकेलचा वास आठवला. धावताना माझी चप्पल तुटलेली ती बी आठवली. तोंड नाय. मी, जिला जीपचा नंबर ध्यानात राहतो, मी दर वर्सी बघितलेला वेताळ मना दिसंना. मना वाटलं, डोक्याला काय झालं का काय. मंग विचारत सुटली.

शेजारची सावळीकाकी मोहाची फुलं निवडत होती. "निळा गो," ती बोलली. "निळा कच्च. नि जीभ बाहेर, ही एवढी."

"नक्की?"

"नक्की म्हनजे? नवी सून होती मी, बघून मुतली होती. सासूनं सगळ्या वाडीला सांगितलं. इसरीन काय?"

बुधूआज्याला विचारलं तर तो वैतागला. "कोन बोलली निळा? सावळी? तिला दिवस बुडला का नवरा वळखत नाय. काळा होता. नि दात. जीभ-बीभ काय नाय."

"काळा धुरानं झाला असंल."

"मंग मना कशाला विचारतेस? तुझं तुला ठाव हाय तर."

माझा चुलतभाऊ अक्षय टेम्पो चालवतो. तो बोलला, "येडी हायस का, माझ्याकडं रेकॉर्डिंग हाय." फोन काढला. चार मिनिटं आग नुस्ती हलते, मधी एक फुटलेला पांढरा गोळा, नि अक्षयचंच ओरडनं. आमी थांबवून थांबवून बघितलं.

"लाल हाय बघ," तो बोलला.

"ती आग हाय."

"मंग काळा असंल."

"तुझं तोंड काळं."

आयशीला विचारलं. ती भाकर थापत होती, थांबली. "मी कधी वर बघितलंच नाय गो," ती बोलली. "मी टेंभ्याकडं बघते. ठिनगी पडंल, धोतर पेटंल. लगीन झाल्यापासनं मी तुझ्या बापाचं धोतर नि पायच बघितलेत." नि परत भाकर थापायला लागली.

राहिला बापूस. शनवारी तो आला, हातपाय धुतले, तवा विचारलं. "बाबा, तुमी सांगा. कसा होता?"

"आतनं सांगू का?"

"सांगा."

"डाव्या डोळ्याचं भोक बारीक होतं. मान वाकडी करून बघायला लागायचं. नि आत मेथीचा वास, येवढ्या वर्सांनी बी."

"नि बाहेरनं?"

"बाहेरनं तुमी बघता. बुधूआजा पाठीमागनं चढवतो, उतरवला का तोंड भिंतीकडं. मी कधी बघनार?"

"ल्हान असताना? आजा नाचायचा तवा?"

"तवा मी आयशीच्या पदरात तोंड घालून असायचो," तो बोलला, नि जरासा हसला. पिशवी उघडल्यापासनं पहिल्यांदा. मना हसायला पायजे होतं, पन मना रडू आलं नि रडू आलं का मना राग येतो, म्हनून मी उठून गेली.

एकच मानूस राहिलेला. ज्यानं ते सोंग केलं तो. गणूआजा, बापसाचा मामा, वैशाखऱ्याला राहतो. अक्षय मुरबाडला पत्रे आनायला जानार होता. मी टेम्पोत जाऊन बसली. "आधी वैशाखऱ्याला," मी बोलली.

"मुरबाड एकीकडं, वैशाखरे एकीकडं."

"सरळगावास्नं वळव. उपकार कर."

किन्हवलीवरनं सरळगाव, तिथनं माळशेजच्या रस्त्याला. अख्खा रस्ता मी मनातल्या मनात गणूआज्याला प्रश्न विचारत गेली. कपाळ कसं, ओठ कसे, रंग कुठला. मना वाटलं तो सांगंल नि मी घरी जाऊन एका दुपारी काढून मोकळी होईन.

गणूआजा अंगनात बांबूच्या कामट्या सोलत बसलेला. एका डोळ्यात फूल पडलेलं, दुसरा बी कुठं भलतीकडंच बघत होता. हातानं चाचपून सोलत होता पन कामटी एकसारखी.

"आजा, मी जगनची पोर. शेणव्याकडची."

"कोन जगन?"

"तुमचा भाचा."

"भाचे मना नऊ हायत."

त्याची सून रंभामामी कोरा चहा घेऊन आली. "वेताळवाले, मामंजी," ती बोलली.

"हां, वेताळवाला जगन्या. मोडलं का सोंग?"

"कुजलं."

"धुरावर नव्हतं ठेवलं?"

मी चहा पिली. अक्षय माझ्याकडं बघून दात काढत होता. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"आजा, त्याचं तोंड कसं काढलेलं तुमी? तुमाला कसं सुचलं?"

तो हसायला लागला. हसता हसता खोकला. "सुचायला कशाला पायजे. त्या साली मना तुझ्या आज्याचा राग आलेला. सोमाचा. माझी बहीन त्याला दिलेली, तर गौरीच्या सणाला तिला माहेरी धाडली नाय त्यानं. नि वरनं निरोप, वेताळ करून दे. दिला करून. त्याचंच तोंड काढलं." परत खोकला. "वीस वर्सं तो गडी आपलंच तोंड घालून नाचला. त्याला पत्ता नाय, वाडीला पत्ता नाय."

अक्षय हसून हसून वाकला. मना हसू येईना.

"नि रंग? निळा का काळा?"

"जो घरात होता तो."

"पन कुठला होता घरात?"

"पोरी, मी काय लिवून ठेवलंय? चाळीस वर्सं झाली." कामटी खाली ठेवली. "सोमा रागावला का त्याची एक भुवई वर जायची, दुसरी तिथंच. तेवढं आठवतं. बाकी गेलं."

सोमाआजा मी जन्मायच्या आधीच गेला. फोटू नाय. आधार कार्ड निघायच्या आधीचा मानूस. परत येताना मना काय कळंना. जाताना एक तोंड शोधत होती, आता दोन झाली, वेताळाचं नि आज्याचं, नि दोन्ही मी बघितलेली नाय. मुरबाडात दुकानात गेली नि काळा, निळा, लाल, पिवळा, पांढरा, सगळे डबे घेतले.

"इंद्रधनुष्य काढतेस का?" अक्षय बोलला.

"तू पत्रे मोज."

त्या आठवड्यात मी चारदा तोंड काढलं नि चारदा खरवडलं.

पहिला सावळीकाकीचा काढला, निळा, जीभ बाहेर. तिचा नातू रांगत आला, बघून हसला, नि त्यानं वेताळाच्या जिभेला बिस्कीट लावलं. खरवडला. दुसरा बुधूआज्याचा, काळा नि दात. तो नव्या बंगल्याला नजर लागू नये म्हनून टांगतात त्या राक्षसासारखा झाला. खरवडला. फोनात बघितलं तर शिंगवाले, इंग्लिश, रक्त गळनारे. ते आमच्या संबळावर नाचले नसते. तिसऱ्याला आज्याची एक भुवई वर केली. तो असा दिसायला लागला का चहा घेनार का विचारतोय.

मंग मना वाटलं, गणूआजा बोलला राग आला का तोंड येतं. राग तर माझ्याकडं पोत्यानं हाय. मी शामला डोळ्यासमोर आनलं, त्याचं 'मेंदी काढशील काय' आठवलं, नि एका दमात काढलं. लय भारी आलं. आयस बाहेर आली, बघितलं नि बोलली, "हा शाम हाय."

शामच हुबेहूब. त्याला देवळात नेला असता तर वेताळ कायदेशीर शामच्या घरचाच झाला असता. खरवडला.

शनवार उजाडला. सोमवारी दाखवायचा. परत खडूचा हात दिला, परत टोपल्यावर ठेवला, समोर बसली. पांढरा, बिनतोंडाचा. मी त्याच्याकडं, तो माझ्याकडं. काय पन नाय. डोक्यात नुस्ती सगळ्यांची बोलनी. निळा गो. काळा होता. लाल हाय बघ. जो घरात होता तो. ऊन डोक्यावर आलं. सावळीकाकी कुंपनापलीकडनं बोलली, "झाला का गो?" काय वाईट बोलली नव्हती ती. पन मी उठली नि टोपल्याला लाथ घातली.

टोपला गडगडला. सोंग उडालं नि जोत्याच्या दगडावर जाऊन आपटलं. आवाजच सांगून गेला.

उचललं तर डावा गाल आत गेलेला, डोळ्याच्या भोकापर्यंत. मी तिथंच मातीत बसली. मनात आलं, जाऊन शामला सांगते, घे बाबा, तुझा मान. तेवढ्यात मनातच बापूस हात धुवायला गेला, तसाच. मंग उठली.

पान्याचा हात लावून गाल नरम केला. बाहेरनं ओढून येईना, आतनं ढकलायला पायजे. आतनं ढकलायचं तर दिसत नाय कुठं दाबायचं. म्हनून डोक्यात घातलं. पूजा झालेली नव्हती, तवर तो कागदच, त्यात काय पाप नाय. आत अंधार, मेथीचा वास, नि आपलाच श्वास कानात. अंगठ्यानं गाल दाबत बाहेर आनला, पन डाव्या डोळ्याचं भोक चिमटलेलंच राहिलं. बारीक. बघायला मना मान वाकडी करायला लागली.

तशी मी अंगनात उभी, मान वाकडी करून, नि समोर बापूस.

गोडाऊन अर्धा दिवस असंल. तो पिशवी घेऊन कुडाच्या कोपऱ्यावरनं वळला नि थांबला. मना वाटलं ओरडंल. तो ओरडला नाय. त्यानं चपला काढल्या. ऊन तापलेलं, माती चटके देत होती, नि तो अनवानी उभा राहिला. पिशवी गळून पडली तरी बघितलं नाय. हात जोडायला वर आले नि अर्ध्यातच राहिले. एक भुवई वर गेली, दुसरी तिथंच. तोंड जरासं उघडं, जिभेचं टोक दातामागं, जसं कुनाचं नाव घ्यायला आला नि नाव आठवंना. राग नव्हता तो. भीती बोलावी तर पळत पन नव्हता.

एवढी वर्सं तो आतमधी होता. वेताळासमोर तो पहिल्यांदा उभा होता, नि त्या वेताळाला अजून तोंड पन नव्हतं.

मी हलली नाय. बारीक भोकातनं मना फक्त त्याचं तोंड दिसत होतं, बाकी अंगन, कुड, काय नाय.

"रुपा?" तो हळूच बोलला.

"हां."

"पाय वळखले." त्यानं पिशवी उचलली, चपला हातात घेतल्या. "जेवलीस का?"

"नाय."

"जेव," बोलला नि आत गेला.

मी जेवली नाय. सोंग उतरवून टोपल्यावर ठेवलं नि डबे उघडले. ब्रश धुवायला बी थांबली नाय, इसरीन म्हनून. निळ्यातला काळ्यात, काळ्यातला लालात. रंग असा झाला का करवंद पिकताना असतं ना, काळं बी नाय, निळं बी नाय, लाल बी नाय, तसा. भुवई जिथं होती तिथं काढली. तोंड जेवढं उघडं होतं तेवढंच उघडलं, जिभेचं टोक नि वरचे दात. सुचत नव्हतं काय, नुस्तं दिसत होतं. सावळीकाकीनं मधी दोनदा हाक मारली, असं ती नंतर बोलली. मना ऐकायला आलं नाय.

झाल्यावर लांब जाऊन बघितलं. हा रागावलाय का घाबरलाय का कुनाची वाट बघतोय, मना काय समजंना. चांगला झालाय का वाईट, ते बी समजंना. पन खरवडावा असं वाटलं नाय. हात खाली राहिला.

सोमवारी बापसानं खाडा केला. सोंग फडक्यात बांधून देवळात आनलं. बुधूआजा, अजून तीन म्हातारे, शाम त्याच्या फायबरसकट, सावळीकाकी नि निम्मी वाडी. देवळात भर दुपारी बी उजेड कमीच. बुधूआज्यानं फडकं सोडलं.

सगळ्यांनी माना पुढं काढल्या.

"निळा," सावळीकाकी बोलली. "बोलली नव्हती? नि जीभ बी हाय बघा."

"काळा हाय तो," एक म्हातारा बोलला. "दात बघ. जुना तसाच हाय."

"डोळं तपासून घ्या."

"तू घे."

शाम पुढं आला. वाकून बघितलं, एकदा बाजूनं, एकदा समोरनं. मंग मागं सरला. मी बघितलं, तो दोन पावलं मागं सरला. "नवा दिसतो," बोलला.

"नवा हाय तर नवाच दिसंल," बुधूआजा बोलला. त्यानं सोंग मांडीवर घेतलं. म्हातारा लय वेळ बघत बसला. अंगठा त्या वर गेलेल्या भुवईवरनं फिरवला. "हाच," तो बोलला. मंग आपल्याशीच बोलल्यासारखा, "सोम्या रागावला का असाच बघायचा."

सोमाआज्याला मी बघितलेलाच नाय. मी बापसाला काढला होता. मी दाराकडं बघितलं. बापूस चौकटीला टेकून उभा होता, बुधूआज्याकडं बघत, एक भुवई वर, दुसरी तिथंच. त्याच्या बापाचं तोंड त्याच्या तोंडावर, नि त्याला ठावच नाय. मंग मी काढलं ते कुनाचं? नि काढलं का आपसूक आलं? मना अजून कळत नाय. गणूआज्याला विचारावं तर तो बोलंल, भाचे मना नऊ हायत.

"मंग ह्याचं काय करायचं?" शाम बोलला, हातातलं फायबर दाखवून.

"पान्यात टाक, आगीत टाक," मी बोलली. "त्याला काय होत नाय."

ह्या वेळी बापसानं मना खाली बसवलं नाय.

बुधूआज्यानं हळद लावली, कुंकू लावलं, नारळ फोडला. सोंगात देव आला. आता बोहाडा संपेस्तवर बाईमानसानं हात लावायचा नाय, तशी रीत हाय. नि तेव्हाच मना दिसलं. डाव्या भुवईत, रंगामधी, ब्रशाचा एक केस चिकटून राहिलेला. एक टोक बाहेर, ताठ. कुनाच्या ध्यानात आलं नाय. माझी बोटं शिवशिवली. एक चिमूट नि निघाला असता. पन हात लावायचा नाय.

घरी येताना बापूस पुढं चालत होता, मी मागं. ओढ्यापाशी तो थांबला, माझ्याकडं न बघता बोलला, "कोनाचं काढलंस?"

"ठाव नाय," मी बोलली. खोटं नव्हतं. खरं बी पुरतं नव्हतं.

"बरं दिसत होतं," तो बोलला.

आता आखातीजेला बापूस टेंभे घेऊन नाचंल. सगळी वाडी तोंडाकडं बघंल, सावळीकाकीला निळा दिसंल, म्हाताऱ्याला काळा. आयस धोतराकडं बघंल. नि मना ठाव हाय मी काय बघनार. टेंभा वर गेला, खाली आला, भुवईजवळनं गेला, तो केस पेटतोय का काय, तेवढंच. पुढल्या वर्सी कोनी विचारलं का रुपा, तूच काढलेलास ना, कसा होता गो वेताळ, तर मी काय सांगनार.

भुवईत एक केस होता, एवढंच.